प्लेटिंगच्या गाळ्यातला धोका: शोधायचा कसा, आवरायचा कसा

मुंबईतल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला प्लेटिंगचा (वस्तूंवर धातूचा मुलामा चढवण्याचा) गाळा म्हणजे पाचसहाशे चौरस फुटांची जागा. एका भिंतीला टाक्यांची रांग, समोर बफिंगच्या (घासून चकचकीत करायच्या) मोटरी, दाराशी मालाचे क्रेट आणि वर लोखंडी जिन्याचा पोटमाळा. अंधेरी असो, कुर्ला असो की भांडुप, मांडणी थोड्याफार फरकाने हीच. अशा गाळ्यात वेगळा सेफ्टी ऑफिसर नसतो. धोक्याची तपासणी म्हणजे परवान्याच्या वेळी कुणाकडून तरी भरून घेतलेला एक फॉर्म. खरी तपासणी मात्र दोन दिवसांत घरच्या घरी होते आणि ती गाळ्यातल्याच माणसांनी करायला हवी. त्यासाठी एक वही, चांगला टॉर्च, अगरबत्तीचा पुडा, पीएचच्या (आम्लता दाखवणाऱ्या) पट्ट्या, दोन साधे थर्मामीटर आणि टिकल्यांचं एक पाकीट एवढं पुरतं. महागडी मोजणी नंतर लागते, तीही मोजक्याच जागी.

इथलं उदाहरण निकेल-क्रोमच्या गाळ्याचं आहे. पावडर कोटिंग, स्क्रीन प्रिंटिंग, चामड्याच्या बॅगा किंवा फर्निचर पॉलिशच्या गाळ्यालाही हीच रीत लागू पडते.

माल जातो त्या वाटेने चाला

फॉर्म बाजूला ठेवा आणि एक नग हातात घ्या, समजा पितळी नळ. तो दारातून आत आल्यापासून पुठ्ठ्याच्या खोक्यात जाईपर्यंत त्याच्याबरोबर चाला. प्रत्येक टप्प्यावर थांबून वहीत लिहा: इथे आत काय येतं, बाहेर काय पडतं (धूर, धूळ, आवाज, उष्णता, पाणी, गाळ), इथे कोण आणि किती तास उभं असतं, आणि इथलं काम बिघडलं तर नेमकं काय होतं.

ही फेरी दोनदा करा. एकदा कामाच्या भरात आणि एकदा शटर अर्धं खाली असताना. कारण अंगात जाणाऱ्या विषाची सर्वांत वाईट मात्रा रोजच्या कामात नसते, आठवड्यातून एकदा होणाऱ्या कामात असते. टाकीत ॲसिड भरणं, नवा बाथ (टाकीतलं रसायनाचं द्रावण) बनवणं, फिल्टर बदलणं, बफिंगच्या डक्टमधली धूळ काढणं, टाकीचा तळ खरवडणं. ही कामं रविवारी, मशीन बंद असताना, बहुतेक वेळा सर्वांत नव्या हेल्परकडून करून घेतली जातात. सोमवारी सकाळी पाहणी करणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून सुपरवायझरला विचारून झालं की हेल्परला वेगळं विचारा: ‘हे साफ कोण करतं? कसं करतं?’

प्रत्येक कॅन आणि ड्रमवरचं लेबल वाचा. लेबल नसेल तर पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागा. त्यात सोळा भाग असतात. घाईत असाल तर दुसरा (धोके), तिसरा (घटक), आठवा (मर्यादा आणि संरक्षण) आणि दहावा (कशाबरोबर मिसळू नये) एवढे चार वाचा. ‘स्पेशल थिनर’, ‘पॉवर क्लीनर’ अशा नावांमागे काय आहे ते तिसऱ्या भागात कळतं. शीट द्यायला नकार देणाऱ्याचा माल बंद करा. आणि पाण्याच्या बाटलीत ॲसिड किंवा थिनर ओतून ठेवलेलं दिसलं तर बाकी तपासणी थांबवून आधी ते हलवा.

टिकल्या आणि तक्रारीची वेळ

पुठ्ठ्यावर माणसाची आकृती काढा, पुढून एक आणि मागून एक. प्रत्येक कामगाराला टिकल्या द्या आणि जिथे दुखतं, खाजतं, चुरचुरतं तिथे चिकटवायला सांगा. नाव लिहू नका, फक्त बफिंगवाल्यांना लाल आणि टाकीवाल्यांना हिरवी टिकली द्या. समोरासमोर विचारलं तर ‘काही नाही, चालतंय’ म्हणणारा माणूस टिकली मात्र बरोबर लावतो. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर हिरव्या टिकल्यांचा घोळका झाला तर निकेलची खाज किंवा हातमोज्यात शिरलेलं ॲसिड, यांपैकी एक असणार. लाल टिकल्या खांद्यावर आणि कमरेवर जमल्या तर बफच्या उंचीचा दोष शोधा.

मग वेळ विचारा, कारण आजाराचं कारण बऱ्याचदा वेळेत सापडतं. सुट्टीत बरं वाटतं का? आठवडा जाईल तसं वाढतं का? रात्री खोकला येतो का? गिरणगावातल्या कार्डिंगच्या (कापूस पिंजण्याच्या) खात्यात साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची आणि आठवडा सरताना थोडी मोकळी व्हायची. कापसाच्या धुळीने होणारा तो बिसिनोसिस, आणि त्याची ओळखच ‘सोमवारचा आजार’ अशी. कामामुळे होणारा दमा बहुतेक वेळा याच्या उलट वागतो. तो सुट्टीत उतरतो आणि शनिवारपर्यंत चढत जातो. शिवाय दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातल्या आयसोसायनेटसारख्या पदार्थांनी दम्याची उबळ काम संपल्यावर काही तासांनी, थेट रात्रीही येऊ शकते. माणूस मग खोलीतल्या ओलीला दोष देतो आणि रंगाच्या गाळ्याचं नावही निघत नाही.

क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्याचं नाक टॉर्चने पाहायला डॉक्टरांना सांगा. क्रोमिक ॲसिडचा बारीक फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतो. आधी लाली, मग खपली, मग व्रण आणि शेवटी आरपार भोक. हे भोक दुखत नाही, म्हणून माणूस ते सांगत नाही. फार तर ‘नाकातून शिटीसारखा आवाज येतो’ म्हणतो. हातावरचे क्रोमचे व्रणही तसेच: गोल, खोल, कडा उचललेल्या आणि वेदना नसलेले. असा एक जरी व्रण दिसला तरी टाकीवरची हवा वाईट आहे किंवा हातमोजे फाटलेले आहेत हे नक्की समजा. क्रोमियमचं हे सहा-संयुजी रूप फुप्फुसाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, तेव्हा नाकातली खपली ही पुढच्या मोठ्या आजाराची आगाऊ सूचना आहे.

पोटमाळा

मुंबईच्या गाळ्याचा हा भाग परदेशी पुस्तकातल्या कुठल्याच फॉर्मवर नसतो. खाली टाक्या आणि वर झोपणारी चार-सहा माणसं. त्यांचं जेवण वर, कपडे वर, वाळत घातलेला टॉवेलही वरच.

हवेतल्या विषारी पदार्थांच्या मर्यादा दिवसाचे आठ तास काम आणि उरलेले सोळा तास स्वच्छ हवा असं धरून ठरवलेल्या असतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीतले आकडे (टोल्यूईन १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, ट्रायक्लोरोएथिलीन ५० पीपीएम, क्रोमिक ॲसिड व क्रोमेट दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम) आठ तासांच्या सरासरीचेच आहेत. बारा तासांची पाळी असेल तर दोन गोष्टी बिघडतात. शरीरात जास्त जातं आणि बाहेर टाकायला कमी वेळ मिळतो. त्याचं सोपं गणित असं: ८ भागिले पाळीचे तास, गुणिले (२४ वजा पाळीचे तास) भागिले १६. बारा तासांना उत्तर येतं निम्मं. म्हणजे टोल्यूईनची मर्यादा १०० ऐवजी ५० धरायची. आणि जो माणूस वरच झोपतो, त्याच्यासाठी हे गणितही चालत नाही, कारण त्याला स्वच्छ हवेचे तास मिळतच नाहीत.

‘थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच राहते, वर काही येत नाही’ हे नेहमी ऐकू येतं. सांडलेल्या थिनरच्या अगदी जवळ ते खरं आहे, आणि म्हणूनच जमिनीलगतची ठिणगी घातक. पण दहा लाखांत शंभर भाग एवढी वाफ हवेत मिसळली की त्या मिश्रणाचं वजन जवळपास हवेइतकंच असतं. मग ते गरम हवेबरोबर जातं, आणि गरम टाक्यांवरची हवा वर पोटमाळ्यातच जाते.

तेव्हा झोपायची जागा गाळ्याबाहेर काढणं हाच उपाय. चार जणांची भाड्याची खोली मालकाला परवडत नाही असं वाटत असेल, तर आगीचा हिशेबही त्यातच धरा: खाली थिनर आणि रेक्टिफायर (टाक्यांना डीसी वीज देणारं यंत्र), वर झोपलेली माणसं, उतरायला एक जिना आणि शटरला बाहेरून कुलूप. खोली मिळेपर्यंतच्या काळात रात्री टाक्यांवर झाकणं, हीटर बंद, पंखा चालू आणि शटरला बाहेरून कुलूप कधीच नाही, एवढं तरी आजपासून करा.

टाकीवरचा धूर उगमापाशीच धरा

क्रोमची टाकी निकेलपेक्षा इतकी जास्त का फसफसते? क्रोमच्या बाथमध्ये दिलेल्या विजेपैकी फक्त १० ते २० टक्के वीज धातू बसवण्याच्या कामी येते. बाकीच्या विजेने हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना ॲसिडचे बारीक थेंब हवेत उडवतो. म्हणून पहिला उपाय पंखा नाही, बुडबुडा आहे. बाथमध्ये धूर दाबणारं रसायन (पुरवठादाराकडे ‘मिस्ट सप्रेसंट’ या नावाने मिळतं) योग्य मात्रेत टाका, वर प्लास्टिकचे पोकळ गोळे तरंगत ठेवा, करंट गरजेपुरताच द्या. शोभेच्या क्रोमसाठी त्रि-संयुजी क्रोमचा बाथ मिळतो. रंगछटा किंचित वेगळी येते आणि बाथ जास्त जपावा लागतो, पण धोका मुळातून कमी होतो. गिऱ्हाईक छटेला तयार असेल तर बदला.

त्यानंतर हवा ओढणारा हूड. इथे बहुतेक गाळे पैसे वाया घालवतात. भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फॅन टाकीवरचा धूर कामगाराच्या तोंडासमोरून वर नेतो आणि मग बाहेर टाकतो. हूड टाकीच्या काठाला, पृष्ठभागाच्या अगदी वर, लांब बाजूने फटीच्या रूपात हवा. टाकीची रुंदी ५० सेंटिमीटरपर्यंत असेल तर एका बाजूची फट पुरते. ५० ते ९० सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी लागते. त्याहून रुंद टाकीला एका काठाने हवा ढकलून दुसऱ्या काठाने ओढावी लागते.

हूड जवळ का हवा ते आकड्यांत पाहा. बफिंगच्या किंवा वेल्डिंगच्या जागी २० सेंटिमीटर व्यासाचं साधं गोल तोंड आहे आणि धूर जिथे निघतो तिथे सेकंदाला अर्धा मीटर ओढ हवी आहे असं धरा. तोंड ३० सेंटिमीटर लांब असेल तर तासाला सुमारे १,७०० घनमीटर हवा ओढावी लागते. तेच १५ सेंटिमीटरवर आणलं तर सुमारे ४६० घनमीटर पुरते. अंतर निम्मं केलं की साडेतीन पटींहून जास्त बचत. व्यासाइतकं लांब गेलं तरी तोंडापाशी असलेल्या वेगाचा दहावा हिस्साही उरत नाही. मोठी मोटर घेण्याआधी डक्ट पुढे सरकवा. वेल्डिंगला अर्धा ते एक मीटरची ओढ चालते. बफ आणि ग्राइंडरची धूळ मात्र जोरात उडते, तिला सेकंदाला अडीच मीटर आणि त्याहून जास्त लागते. म्हणून तिथे चाकाला वेढणारं आच्छादनच हवं.

ओढ आहे की नाही ते अगरबत्तीने पाहा. धूर टाकीच्या हूडपासून सर्वांत लांबच्या काठावर धरा. तो सरळ फटीकडे वळला तर ठीक. वर चढून कामगाराच्या दिशेने गेला तर हूड शोभेचा आहे. थिनर किंवा हायड्रोजनच्या जवळ पेटती अगरबत्ती नेऊ नका. तिथे रिबिनीची पट्टी वापरा, आणि क्रोमच्या टाकीवर करंट बंद ठेवूनच अगरबत्ती धरा. बफिंगची बारीक धूळ पाहायची असेल तर दिवे घालवून टॉर्च धुळीच्या पलीकडे ठेवा आणि प्रकाशाच्या दिशेने, टॉर्चचा झोत थेट डोळ्यांत येणार नाही असं उभं राहून पाहा. उघड्या डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या हवेत कणांचा लोट दिसतो.

हवा बाहेर ओढायची तर आत यायला वाट हवी, हे विसरलं जातं. तासाला १,७०० घनमीटर ओढणाऱ्या फॅनला किमान दोन फूट बाय दीड फूट मोकळी खिडकी लागते. पावसात शटर लावलं की हूडची ओढ अचानक पडते आणि दोष मोटरला दिला जातो.

बाहेर टाकलेली हवा इस्टेटच्या पॅसेजमध्ये किंवा शेजारच्या गाळ्याच्या खिडकीत जाऊ देऊ नका. क्रोम आणि ॲसिडच्या हवेला पाण्याचा स्क्रबर (हवा पाण्याने धुणारं यंत्र) लावून धुराडं छपराच्या वर न्या. धुराड्याच्या टोकावरची छत्री काढून टाका, कारण ती पाऊस अडवते तशी हवाही खाली वळवते. टोकाशी थोडा मोठा बाहेरचा पाईप बसवून मधल्या फटीतून पाणी गळू देणारी रचना पत्र्याचं काम करणारा सहज करून देतो.

पंखा आणि उकाडा

अगरबत्तीच्या चाचणीत सर्वांत जास्त वेळा नापास होतो तो पेडेस्टल फॅन. त्याच्या झोतापुढे हूडची ओढ टिकत नाही. पण मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये गरम टाक्यांसमोर उभ्या माणसाला ‘पंखा बंद कर’ सांगणं क्रूर आहे, आणि तो ऐकणारही नाही. पंखा माणसाच्या पाठीमागून लावला तर त्याच्या छातीसमोर हवेचा भोवरा होतो आणि धूर तोंडाशीच फिरतो. म्हणून हळू वारा बाजूने द्या, टाकीच्या पृष्ठभागावरून जाणार नाही असा. जोराचा पंखा विश्रांतीच्या बाकावर लावा.

उकाडा मोजायला एका थर्मामीटरच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळा आणि दीड मीटर उंचीवर टांगा. हा ओला थर्मामीटर ३० अंशांच्या वर गेला की घाम नीट वाळत नाही आणि शरीराला थंड होणं अवघड जातं. मुंबईत कोरड्या थर्मामीटरवर ३४ दिसत असताना ओला ३० वर असू शकतो, आणि नागपूरचे ४४ अंश पाहून ‘आपल्याकडे काय उकाडा’ म्हणणारा इथेच फसतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहानेची वाट न पाहता. गावाहून महिन्याने परतलेल्या माणसाची उष्णतेची सवय गेलेली असते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरम काम पाळीच्या वीस टक्केच द्या आणि रोज वीस टक्के वाढवा. कुणी बरळायला लागलं, पाय लटपटले, तर लगेच अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसवून ठेवू नका.

मोजणी कुठे आणि कशी

आवाजाची पहिली चाचणी फुकट आहे. एका हाताच्या अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगावं लागत असेल तर आवाज ९० डेसिबलच्या आसपास आहे. आपल्याकडे आठ तासांना ९०, चार तासांना ९५, दोन तासांना १००, एका तासाला १०५ अशी पट्टी आहे. ११५ च्या वर थोडा वेळही नाही. बारा तासांच्या पाळीला ती सुमारे ८७ वर येते. कान मात्र ८५ पासूनच हळूहळू जातो, म्हणून उपाय ८५ ला सुरू करा. मोबाईलचं ॲप मशीनमशीनमधला फरक दाखवायला ठीक, नोंदवहीत लिहायला नाही. ९० च्या शेजारी दुसरं ९० चं मशीन लावलं तर आवाज १८० नाही, ९३ होतो. त्यामुळे दोनपैकी एक बंद करून आवाज ‘निम्मा’ करण्याचा प्रयत्न कानाला फारसा कळत नाही. सैल पत्रे, झिजलेले बेअरिंग आणि क्रेटमध्ये उंचावरून पडणारा माल आधी पाहा. क्रेटच्या तळाला रबरी चटई घातली तरी फरक पडतो.

हवेच्या नमुन्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळा बोलवा. सल्ल्यासाठी सायनची केंद्रीय श्रम संस्था जवळ आहे. पण नमुना कसा घेतला जातो यावर स्वतः लक्ष ठेवा. पंप कामगाराच्या कमरेला आणि नमुन्याचं तोंड कॉलरला, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. क्रोमसाठी पीव्हीसी फिल्टरवर मिनिटाला साधारण दोन लिटर हवा, ट्रायक्लोरोएथिलीन किंवा टोल्यूईनसाठी कोळशाच्या नळीतून मिनिटाला ५० ते २०० मिलिलिटर. पंपाचा वेग आधी आणि नंतर तपासलेला हवा, आणि एक नळी तिच्यातून हवा न ओढता सोबत पाठवलेली हवी. गाळ्याच्या मधोमध स्टँडवर यंत्र ठेवून, ऑर्डर कमी असलेल्या दिवशी, शटर पूर्ण उघडून घेतलेला नमुना हा निव्वळ कागद असतो. त्या दिवशी किती नग काढले, किती टाक्या चालू होत्या, शटर किती उघडं होतं, हे अहवालावर लिहून घ्या.

आधी काय करायचं

शक्यता गुणिले तीव्रता असा तक्ता सगळीकडे चालतो. इथे तो डोळे झाकून वापरू नका. सायनाईडमध्ये ॲसिड पडण्याची शक्यता १ आणि तीव्रता ५, गुणाकार ५. बोट कापण्याला ३ गुणिले ३, म्हणजे ९. तक्ता सांगेल आधी बोटाचं बघा. त्याऐवजी तीन याद्या करा: एका मिनिटात मारणारे धोके, वर्षानुवर्षं झिजवणारे धोके आणि जखम करणारे धोके. पहिल्या यादीतलं काम पूर्ण होईपर्यंत ती टाकी बंद ठेवा. दुसऱ्या यादीला तारखा द्या. तिसरी आठवड्यात आटपते.

पहिल्या यादीत दोन गोष्टी नक्की असतात.

सायनाईडचा कॉपर, सिल्व्हर किंवा झिंकचा बाथ ॲसिडला भेटला की हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. त्याचा कडू बदामाचा वास अनेकांना जन्मतःच येत नाही, तेव्हा नाकावर भिस्त नको. ॲसिड आणि सायनाईडच्या टाक्यांमध्ये दोन वेगळ्या धुण्याच्या टाक्या हव्यात, दोन्हींखालचे थाळे वेगळे, गटाराची वाट वेगळी आणि मोजायची भांडीही वेगळ्या रंगाची. बाथचा पीएच ११ च्या वर ठेवा आणि रोज पट्टीने पाहा. सायनाईडचा डबा कुलपात, कोरड्या जागी, ॲसिडपासून दूर. वापर वजन करून वहीत. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सायनाईडचं प्रतिविष ठेवलेलं असतं ते आजच विचारून भिंतीवर लिहा. विषबाधा झालेल्याला तोंडाने श्वास देऊ नका, तो वायू तुमच्यातही जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा) खड्डा किंवा बंद टाकी. आत कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाईड निघतो. सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं वास गेला. पहिला पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. क्रम असा ठेवा:

१. आधी विचार करा, उतरायलाच हवं का? पंप, लांब दांड्याचा खरवडा आणि पाण्याचा जोर वापरून बहुतेक गाळ वरूनच निघतो.
२. उतरायचंच असेल तर सगळे इनलेट बंद, मोटरचा स्विच काढून कुलूप.
३. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नका, त्याने आग भडकते.
४. चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाईड १० आणि कार्बन मोनॉक्साईड ३५ पीपीएमच्या खाली. मीटर आत चालूच राहू द्या.
५. अंगावर हार्नेस, दोर वर ट्रायपॉडला, वर एक माणूस फक्त पाहायला. त्याला दुसरं काम नाही आणि आत उतरायची परवानगीही नाही.

यांतलं एक जरी साधन कमी असेल तर उतरू नका. साधनं असलेला ठेकेदार बोलवा.

मास्क शेवटी, पण बरोबर

रुमाल काहीही अडवत नाही. एन-९५ धुळीला आणि थेंबांना चालतो, थिनरच्या वाफेला अजिबात नाही. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि ते उघड्या खिळ्यावर टांगून ठेवलं तर रात्रभर हवेतली वाफ शोषत संपतं. पाळी संपली की झिपच्या पिशवीत बंद करा. मास्क घातल्यावर वास आला तर कार्ट्रिज संपलं किंवा कड बसलेली नाही. दाढीवर कड बसत नाही, तिथे पूर्ण डोकं झाकणारा हूड घ्या. कानातला फोमचा प्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून पिवळं टोक मोठं दिसत असेल तर तो कानात नाही, कानाशी आहे.

पावसाआधी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीकाठच्या भागात पाणी कुठवर आलं होतं ते इस्टेटच्या जुन्या वॉचमनला विचारा आणि भिंतीवर ती रेघ मारा. सायनाईड, क्रोमिक ॲसिडचे खडे, रेक्टिफायर आणि स्विचबोर्ड त्या रेघेच्या किमान फूटभर वर. ॲसिडचे कॅन आणि सायनाईड एकाच रॅकवर नकोत, रॅक पडला तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. गाळ्यात पाणी शिरण्याची लक्षणं दिसताच करंट बंद, टाक्यांवर झाकणं, माणसं बाहेर. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ दारावर लिहून ठेवा. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या कामगाराच्या पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका आहे. त्याला ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे पाठवा, ताप येण्याची वाट पाहू नका.

गाळ, पाणी आणि निळे ड्रम

क्रोमचं धुणं पिवळं-नारिंगी असतं. पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाईट टाकलं की ते हिरवं होतं, मग चुन्याने पीएच ८.५ ते ९ वर नेला की गाळ तळाशी बसतो. हिरवं होण्याआधी चुना टाकला तर सहा-संयुजी क्रोम पाण्यातच राहतं आणि नाल्यात जातं. या टाकीत सायनाईडचं पाणी चुकूनही येता कामा नये. ते वेगळ्या टाकीत, पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराईटने नष्ट करायचं. मेटाबायसल्फाईट टाकताना सल्फर डायऑक्साईड सुटतो, म्हणून ते काम उघड्यावर, वारा येतो त्या बाजूला उभं राहून.

वाळवलेला गाळ घातक कचरा आहे. तो लेबल लावून, छपराखाली, थाळ्यावर आणि ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, गाडी निघताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, वर्षाचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मुंबईचा असा कचरा तळोज्याच्या सामाईक केंद्रात जातो. गाळ डेब्रिजच्या ट्रकमध्ये टाकून द्यायचा भाव स्वस्त असतो, आणि तो गाळ कुणाच्या तरी जोत्याखाली किंवा खाडीत जातो.

रिकाम्या ड्रमचं सर्वांत जास्त जपा. ॲसिड किंवा क्रोमचा निळा ड्रम भंगारवाल्याला शंभर-दोनशे रुपयांना गेला की तो आठवड्याभरात एखाद्या चाळीच्या नळाखाली पिण्याचं पाणी साठवायला उभा असतो. आत कितीही विसळला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन पाण्यात उतरत राहतं. ड्रम तीन वेळा धुवा, धुण्याचं पाणी ईटीपीत घाला, झाकण बंद करा आणि मंडळाने अधिकृत केलेल्या ड्रम घेणाऱ्यालाच पावती घेऊन द्या. त्याची गाडी यायला वेळ असेल तर ड्रमच्या बुडाला ड्रिलने चार भोकं पाडून ठेवा, म्हणजे मधल्या वेळात कुणी उचलून नेला तरी त्यात पाणी राहणार नाही.